खापर, गंज, तांब्या: घरातली वापरती भांडी जलरंगात कशी रंगवावीत

भांड्याचं चित्र काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी ते भांडं चिंच लावून लख्ख घासतात. ते करू नका. मांडणीवरून भांडं जसं आहे तसं उचला. बुडाला काजळी असेल, काठाला पोचा असेल, आत बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा पट्टा असेल, तर फारच छान. नव्या चकचकीत भांड्यात खोलीचं प्रतिबिंब दिसतं आणि बाकी काही दिसत नाही. वापरलेल्या भांड्याला स्वतःचा पृष्ठभाग असतो, आणि रंगवायचा असतो तो पृष्ठभाग. माती उजेड पिते, जर्मन (म्हणजे ॲल्युमिनियम) तो पसरवून टाकतं, पितळ त्याला पिवळा करून परत पाठवतं. प्रत्येकाचा उजेड वेगळा, म्हणून रंग चढवायचा क्रमही वेगळा. हे एकदा हाताला कळलं की घरातलं कुठलंही भांडं रंगवता येतं.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना हे जरा जड जाईल. वस्तुचित्राच्या पेपरात आपल्या हाताला एक सवय लागलेली असते: डावीकडे उजेड, उजवीकडे सावली, मध्ये हळूहळू गडद होत जाणारी छटा. प्लास्टिकची बादली, पितळी लोटा आणि कांदा, तिघांनाही तीच छटा. वेळ लावून द्यायच्या परीक्षेत ते चालून जातं. घरी बसून स्वतःसाठी काढताना मात्र ही सवय सोडावी लागते.

आधी कुठलं भांडं घ्यायचं

माझा क्रम असा: मातीचं आधी, मग जर्मनचं, मग पितळ-तांबं, मग लोणच्याची चिनी मातीची बरणी, आणि स्टील सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. हाताशी स्टीलचा पेला असतो, तो काढायला बसतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. स्टीलचा पेला म्हणजे वाकड्या आरशात दिसणारं अख्खं स्वयंपाकघर. तिथून सुरुवात करायचं काही कारण नाही.

खान्देशात मातीच्या भांड्यांना तोटा नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) नवी घागर येते, माठ असतोच, आणि बऱ्याच घरांत माळ्यावर कापडात गुंडाळलेलं पुरणपोळीचं खापर, म्हणजे चुलीवर पालथं घालून पोळी भाजायचं मातीचं भांडं, असतं. पहिल्या चित्रासाठी खापरासारखं दुसरं भांडं नाही. घरचे नाराज होतील हे गृहीत धरा. मी ओसरीत खापर मांडून बसलो की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "हाई काळं खापर कसाले काढस? चांगलं भांडं ले ना!" त्यांना पितळी समई काढलेली हवी असते. समईही काढू, पण नंतर.

उजेड आणि बैठक

उजेड एकाच बाजूने यायला हवा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर भांड्याला दोन-दोन सावल्या पडतात आणि पितळेवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या उमटतात. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात, जिथे उजेड फक्त दारातून येतो, तिथे तर आयतीच सोय असते. दारापासून चार-पाच फूट आत भांडं ठेवा. फ्लॅटमध्ये चारही बाजूंनी उजेड येत असेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं करा, खिडकीकडची बाजू कापून टाका आणि आत भांडं मांडा. बाकीच्या बाजूंचा उजेड अडतो, सावली एका दिशेला नीट पडते.

उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण तिथला उजेड तासन्‌तास फारसा हलत नाही. पूर्वेची असेल तर पहिल्या पाच मिनिटांत सावलीची कड पेन्सिलीने कागदावर पक्की करून टाका. नंतर सावली सरकली तरी तिच्यामागे धावू नका. उजेडाच्या मागे धावून काढलेल्या चित्रात सावली दोन वेगळ्या वेळांची होते, आणि ते बघणाऱ्याला लगेच जाणवतं.

भांडं जमिनीवर आणि तुम्ही खुर्चीवर असाल तर काठाचं वर्तुळ जवळजवळ पूर्ण गोल दिसेल आणि भांड्याचं पोट हरवेल. भांडं डोळ्याच्या पातळीत असेल तर काठ सरळ रेघ होईल आणि आतलं काहीच दिसणार नाही. मधली उंची शोधा. काठाची खोली त्याच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश दिसली की बैठक जमली. जमिनीवर मांडी घालून बसत असाल तर भांड्याखाली पाट पुरतो.

सामान

कागदावर पैसे वाचवू नका, रंगांवर वाचवले तरी चालेल. ३०० जीएसएमचा, शक्यतो सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) कागद घ्या. २२ × ३० इंचांच्या पूर्ण शीटचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचा तुकडा मिळतो. एका भांड्याला तो भरपूर झाला, सुरुवातीला त्याचाही अर्धा घ्या. हातकागद सुंदर दिसतो, पण खळ कमी असलेला हातकागद रंग टिपून घेतो आणि मग कड सांभाळता येत नाही. आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. थेंब वर उभा राहिला तर कागद घ्यायला हरकत नाही, लगेच आत शिरला तर सरावाला ठेवा.

रंग सहा पुरतात: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, एक स्वच्छ पिवळा (गॅम्बोज) आणि एक लाल. लाल घेताना जुना ॲलिझरिन क्रिमसन टाळा, तो उजेडात उडतो. परमनंट लिहिलेला प्रकार घ्या. काळा रंग आणि पांढरा पोस्टर कलर डब्यातच राहू द्या. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एकत्र केले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो. निळा जास्त घेतला तर तो थंड होतो, सिएना जास्त घेतला तर उबदार. चुलीची काजळी अशीच असते, कुठे निळसर, कुठे तपकिरी. ट्यूबमधल्या काळ्यात हा फरक नसतो.

जाता जाता, आपल्याला जवळ असलेल्या अजिंठ्यातही रंगांचा संच बराचसा असाच होता. पिवळी माती, गेरू, काजळी, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द दगड. अल्ट्रामरीन हे मुळात याच दगडाच्या रंगाचं नाव. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या तयार करण्याची रीत सापडली, म्हणून आज तो आपल्या खिशाला परवडतो.

ब्रश दोनच: १० किंवा १२ नंबरचा टोकदार राउंड, आणि काठासाठी ४ नंबरचा. अगदी बारीक ब्रश घेतला की माणूस ओरखडे काढत बसतो.

काठ चुकला की सगळं चुकलं

रेखांकनात वेळ जाऊ द्या, कारण भांड्याच्या चित्रात चूक लपत नाही. आधी मधोमध एक उभी रेघ मारा. या रेघेच्या दोन्ही बाजूंना काठ, गळा, पोट आणि बूड यांची रुंदी पेन्सिल हातभर लांब धरून मोजा आणि खुणा करा. मग लंबवर्तुळं काढा, बाह्यरेषा त्यानंतर. लंबवर्तुळ संपूर्ण काढायचं, भांड्याच्या मागे जाणारा, न दिसणारा भागही. नंतर तो पुसता येतो.

तीन गोष्टी तपासा. एक, लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोन नको, तिथेही ते वळलेलंच असतं. दोन, वरून बघताना बुडाचं लंबवर्तुळ काठाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त गोलसर दिसतं, कारण ते डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली आहे. काठ छान गोल आणि बूड मात्र पट्टीने मारलेलं सरळ, ही चूक इतकी सर्रास दिसते की भांडं टेबलावर बसलेलं न वाटता कापून चिकटवलेलं वाटतं. तीन, भांडं कललेलं किंवा आडवं असेल तर मधली रेघही तेवढीच कलते, आणि लंबवर्तुळाची लांब बाजू त्या रेघेशी काटकोनात राहते. भिंतीला टेकवलेलं खापर काढताना हे हटकून लागतं.

झालं की कागद उलटा धरून बघा. एका बाजूचं पोट फुगलं असेल तर उलटं धरल्यावर लगेच दिसतं. मात्र हाताने बडवलेला तांब्याचा हंडा किंवा पोचलेला गंज (उभं, खोल पातेलं) दोन्ही बाजूंनी सारखा नसतोच. मापं घेऊन खात्री केली असेल तर तो वाकडेपणा तसाच ठेवा.

वैशाखात रंग वाळतो तेव्हा

पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगितलेल्या वेळा खान्देशात लागू पडत नाहीत. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पंचेचाळिशीलाही टेकतो, आणि हवा कोरडी. भांड्याच्या डाव्या कडेपासून रंग लावत उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचा वाळलेला असतो. मग मध्ये कडक रेघ उमटते. उपाय आहेत.

सकाळी लवकर बसा, सहा ते आठ. पंखा बंद ठेवा. कूलर लावायचाच असेल तर त्याचा झोत कागदावर येऊ देऊ नका. खोलीत ओलावा राहिला तर रंगाचा फायदाच होतो. कागद दोन्ही बाजूंनी नीट भिजवून गुळगुळीत सनमायकाच्या पाटीवर चिकटवा. खालची बाजू ओली असल्याने वरची बराच वेळ दमट राहते. रंग हवा त्याच्या दुप्पट कालवून ठेवा, कारण अर्ध्यात संपला की तोच रंग पुन्हा जुळवेपर्यंत कागद वाळतो. पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले तरी वाळणं लांबतं, त्याहून जास्त टाकलं तर चित्र चिकट राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ओला ब्रश नेऊ नका. पाणी आत घुसून कातरलेल्या कडेचे डाग पडतात. एक तर पूर्ण ओलं असताना काम करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. वाळलं का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघा, कागद गार लागला तर अजून ओल आहे.

पाणी फिल्टरचं किंवा जारचं घ्या. बोअरच्या जड पाण्याने भांड्यांवर पांढरे थर चढतात ते आपण रोज बघतो. चित्राच्या पाण्यात तेवढे क्षार नकोत.

खापर, पायरी पायरीने

रंगवण्याआधी खापराकडे जरा बघा. चुलीवर ते पालथं असतं. आतली बाजू ज्वाळेकडे, म्हणून ती काळी. पोळी भाजली जाते ती बाहेरच्या फुगीर पाठीवर, म्हणून ती वर्षानुवर्षं तूप आणि पुरण मुरून तपकिरी, गुळगुळीत, जवळपास तुकतुकीत झालेली असते. काठाकडे, जिथे पोळी पोचत नाही, तिथे कच्च्या विटेचा कोरडा रंग शिल्लक असतो. एकाच भांड्यावर तीन पृष्ठभाग.

खापर भिंतीला असं टेकवा की पाठ दिसेल आणि एका बाजूने आतल्या काळ्याची कड डोकावेल. आकार काढून झाला की पाठीचा सगळा भाग स्वच्छ पाण्याने ओला करा. पाण्याची चमक नुकती ओसरली की उजेडाच्या बाजूने यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना, पातळ, सुरू करा. सावलीकडे जाताना सिएना वाढवा, शेवटी अल्ट्रामरीनचा स्पर्श द्या. थांबायचं नाही. हे ओलं असतानाच मधल्या डागाळलेल्या भागात रॉ अंबर आणि सिएना घट्ट ताकाइतका दाट करून सोडा आणि पाटी जराशी कलती करा. रंग स्वतःच्या मनाने पसरू दे. तुपाचे डाग पसरतात तसेच तो पसरतो, ब्रशने कोरून ते येत नाहीत.

पूर्ण वाळल्यावर आतली काजळी. सिएना-अल्ट्रामरीनचा दाट रंग एका दमात लावा, त्याची काठाकडची कड स्पष्ट ठेवा आणि दुसरी कड ओलसर ब्रशने विरघळवा. दोन्ही कडा स्पष्ट राहिल्या तर काजळी न दिसता काळा कागद चिकटवलेला दिसतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून बारीक दाणा दिसेल, तो तसाच राहू द्या, मातीला तो शोभतो. दाण्यासाठी ओल्या रंगावर मीठ टाकायची युक्ती सगळीकडे सांगतात. इथे टाकू नका, मीठ टाकल्याचंच दिसतं.

शेवटी काठाचे टवके. ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि काठावरून आडवा ओढा. कागदाच्या उंचवट्यांनाच रंग लागेल, खळगे कोरे राहतील.

पितळी तांब्या

इथे छटा विसरा. धातूवर गडद आणि उजळ एकमेकांना खेटून बसतात, मध्ये काही नसतं. डोळे बारीक करून तांब्याकडे बघा आणि पोटावरच्या आकारांच्या हद्दी पेन्सिलीने हलक्या हाताने आखा: खिडकीचा वाकलेला चौकोन, त्याच्या शेजारचा गडद पट्टा, कडेला पुन्हा एक उजळ रेघ, खाली फरशीचा रंग. पाच-सहा आकार पुरे. पोटावरच्या प्रत्येक आकाराचा बाक पोटाच्या बाकाबरोबर जायला हवा, तो सरळ गेला की तांब्या चपटा होतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पितळ, तांबं यांसारख्या रंगीत धातूवरची चकाकी धातूच्या रंगाची असते. पितळेवरची पिवळसर, तांब्यावरची गुलाबीसर. चिनी मातीच्या बरणीवर मात्र, बरणी तपकिरी असली तरी, खिडकी शुभ्र दिसते, कारण तिथे उजेड काचेसारख्या झिलईवरूनच परततो. एवढा एक फरक सांभाळला की बघणाऱ्याला भांडं कशाचं आहे ते सांगावं लागत नाही.

म्हणून पहिला हात गॅम्बोजमध्ये किंचित यलो ऑकर, अगदी पातळ, जवळजवळ सगळ्या तांब्यावर. कोरा कागद राखायचा तो फक्त सगळ्यात झगझगीत ठिकाणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यासाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात तो चिकट द्रव) लागत नाही, आणि उन्हाळ्यात ते फार वेळ राहिलं तर कागदाला धरून बसतं आणि काढताना साल निघते. वाळू द्या. दुसरा हात ऑकर-सिएना, आखलेल्या मधल्या आकारांत, कडा स्पष्ट. वाळू द्या. तिसरा हात सिएना-अल्ट्रामरीन, सगळ्यात गडद पट्ट्यांत, धीटपणे. बहुतेकांचा हात इथे कचरतो आणि पितळ शेवटपर्यंत पिवळ्या प्लास्टिकसारखं राहतं. पिवळा कितीही वाढवला तरी चमक येत नाही, ती शेजारच्या गडदाने येते.

हे बघायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. समई हातात घेतलेल्या तरुणीचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात आहे, हे अनेकांना पटत नाही. ज्योत तळव्याने झाकलेली आहे आणि बोटांच्या फटींतून लाल उजेड येतो. तो उजेड वाटतो, कारण भोवतालचा अंधार हळदणकरांनी न भिता गडद केला आहे.

आता वापराच्या खुणा. तांब्याच्या गळ्याखालची खाच बघा. घासताना चिंचेचा हात तिथे पोचत नाही, म्हणून तिथे काळपट हिरवी रेघ साचलेली असते. गॅम्बोजमध्ये अल्ट्रामरीन आणि थोडा सिएना घालून ४ नंबरच्या ब्रशने ती काढा, पण अखंड नको, मध्ये एक-दोनदा तोडा. पोटावर, जिथे हात रोज धरतो, तिथे पितळ उजळ असतं. ही दोन ठिकाणं बरोबर आली की तांब्या एखाद्या घरातला वाटू लागतो. पितळी पातेल्याची आतली बाजू दिसत असेल तर तिथे पिवळा नको. कल्हई म्हणजे कथलाचा थर, तो मंद राखाडी असतो, आणि जिथे ती उडाली आहे तिथूनच पितळ डोकावतं.

बाकीची भांडी

जर्मनचा गंज रंगवायला सोपा आणि दिसायला फार देखणा. चकाकी रुंद आणि मऊ कडांची असते, म्हणून ओल्यावर ओलं काम करा. राखाडी खिडकीकडे निळसर, जमिनीकडे तपकिरी. पोचा आला की लक्ष द्या: पोचा आत दबलेला असतो, त्यामुळे तिथे उजेड-सावली उलटी पडते. खिडकीकडची कड गडद, पलीकडची उजळ. घासणीचे ओरखडे कोरड्या ब्रशने, भांड्याच्या गोलाईबरोबर.

स्टीलचं भांडं रंगवताना ते स्टील आहे हे विसरा, त्यातले आकार रंगवा.

भरीत ठेचायची लाकडी बडगी मिळाली तर जरूर घ्या. तेल मुरलेलं लाकूड सिएना आणि अंबरच्या दोन हातांत होतं.

सावली आणि जमीन

भांड्याच्या बुडाला लागून, जिथे उजेड शिरतच नाही, तिथे एक बारीक अतिशय गडद रेघ असते. ती दिली नाही तर भांडं तरंगतं. तिथून सावली जसजशी लांब जाते तसतशी फिकी आणि मऊ होते. सावली राखाडी करू नका. शहाबादी फरशीवर ती निळसर, सारवलेल्या जमिनीवर तपकिरी-हिरवट. पितळेच्या सावलीत बुडाजवळ पिवळ्याची झाक पडते, ती ओल्या सावलीतच सोडा. मागची भिंत कोरी ठेवायला हरकत नाही, पण भांड्याच्या उजळ कडेमागे तिला थोडा गडद हात द्या. तेवढ्याने कड पुढे येते, रेघ मारावी लागत नाही.

रंग जास्त झाला तर तो भाग स्वच्छ पाण्याने ओला करा, अर्धा मिनिट थांबा आणि टिश्यूने टिपा, चोळू नका. अल्ट्रामरीन आणि मातीचे रंग बऱ्यापैकी उठतात. लाल सहसा उठत नाही, तो आधीच बेताने वापरा.

एकेक भांडं जमलं की तीन एकत्र मांडा: एक मातीचं, एक जर्मनचं, एक पितळी. उंची सारखी नको, आणि एक दुसऱ्याच्या थोडं आड हवं. तिघांवर एकाच खिडकीचा उजेड तीन तऱ्हांनी कसा पडतो ते आधी छोट्या कागदावर फक्त रॉ अंबरने काढून बघा, मग रंगाला हात घाला. झालेली चित्रं पावसाळ्याआधी फाइलमध्ये मध्ये साधा कोरडा कागद घालून ठेवा, आणि फाइल भिंतीला टेकवू नका. धाब्याच्या भिंती आषाढ-श्रावणात ओल धरतात आणि जलरंगाच्या कागदावर बुरशी पटकन येते.